२००९-१० ला गूगल वेव्हवर जमवलेल्या सांगलीच्या पूरखुणा कुठून परत मिळतील का?

खणभागातली

नमस्कार मंडळी. प्रश्न जुना आहे आणि लिहिणं लांबणार आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

मी सांगलीत खणभागातल्या एका छापखान्यात डीटीपी करते. लग्नपत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकं. २००५ च्या महापुरात प्रेसमध्ये कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली. रंग द्यायची वेळ आली तेव्हा मालकांना विनंती करून मशिनच्या मागची हातभर रेघ मी तशीच ठेवून घेतली. घराघरात अशा रेघा होत्या, आणि दर दिवाळीला रंगकाम निघेल तशी एकेक पुसली जात होती. त्या कुणीतरी लिहून ठेवायला हव्यात, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये माझ्या मावसभावाला पुण्यात गूगल वेव्हचं, म्हणजे अनेकांनी एकाच पानावर एकत्र लिहायच्या गूगलच्या ऑनलाइन सेवेचं, निमंत्रण मिळालं. तेव्हा ते सगळ्यांना खुलं नव्हतं. ज्याला मिळालं त्याला पुढे आठ जणांची नावं देता यायची. त्यानं आठही आमच्यासाठी वापरली. आम्ही भागवार वेव्ह (म्हणजे तिथली एकत्र लिहायची पानं) उघडल्या: गावभाग, खणभाग, मारुती चौक, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, सांगलीवाडी, हरिपूर. प्रत्येकीत विचारायचं तेच. पाणी कुठवर आलं, किती वाजता आलं, कुठल्या बाजूनं आलं, आणि तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी किती फूट होती. लिहिणारे आम्ही नऊच, पण सांगणारे पुष्कळ. लोक फोनवर सांगायचे आणि आम्ही टाइप करायचो.

एक नोंद मला अजून जशीच्या तशी आठवते. गावभागातल्या एका वाड्याबद्दल आमच्यातल्या एकानं लिहिलं, "जिन्याची पाचवी पायरी." दोन दिवसांनी त्याच वाड्यातल्या काकूंच्या सांगण्यावरून दुसरीनं ते खोडून "चौथी" केलं. पहिल्यानं परत "पाचवी" केलं. असं तीनदा झालं. वेव्हमध्ये प्लेबॅक होतं, म्हणजे पहिल्या अक्षरापासून सगळं पुन्हा चालवून बघता यायचं, कुणी कधी काय खोडलं ते दिसायचं. ते बघताना भावाच्या लक्षात आलं की "पाचवी" सांगणारे पुराच्या वर्षी तिथं राहत होते आणि काकू अजूनही राहतात. विचारल्यावर कळलं, मधे अंगणात भराव टाकून फरशी केली आणि खालची एक पायरी त्यात गाडली गेली. दोघंही खरंच बोलत होते. शेवटचं उत्तर तेवढं कागदावर असतं तर ही गोष्ट कधी कळलीच नसती.

मग ४ ऑगस्ट २०१० ला वेव्हचं काम थांबवत असल्याचं जाहीर झालं. बंद व्हायला एप्रिल २०१२ उजाडलं, पीडीएफ काढून घ्या असंही सांगितलं होतं, म्हणजे वेळ भरपूर होता. मला वाटलं भावानं काढल्या, त्याला वाटलं मी काढल्या. २०१२ च्या सुरुवातीला माझे वडील दवाखान्यात होते. मे महिन्यात लॉगिन करायला गेले तेव्हा काही उरलं नव्हतं. चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही.

त्याचं मोल २०१९ ला कळलं. ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा ओळखीतले लोक फोन करून विचारत होते, "तुम्ही लिहिलं होतं ना, आमच्याकडं कधी येतं?" माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. जो तो २००५ ची रेघ धरून बसला होता, तेव्हा एवढं आलं म्हणजे याच्या वर येणार नाही. त्या वर्षी आयर्विनला साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं, २००५ पेक्षा साडेतीन फुटांहून जास्त. आमच्या नोंदी असत्या तरी पाणी कुठवर जाणार हे त्यांतून कळलं नसतं. पण कुठला रस्ता आधी बंद होतो ते कळलं असतं. सांगलीत घर कोरडं असतं आणि बाहेर पडायची वाट बुडालेली असते. शेरीनाल्याकडून, गटारांमधून पाणी उलटं वर येतं, नदीकडं तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून. माहेरी आलेली माझी एक मैत्रीण आठ महिन्यांची गरोदर होती, ती अशीच अडकली. सुखरूप सुटली, पण तिच्या घराची नोंद मी स्वतः टाइप केली होती, हे आठवून आजही पोटात कालवतं.

आता विचारायचं ते असं. त्यातलं काही कुठूनही मिळण्याची शक्यता आहे का? आणि आम्ही २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांच्या नोंदी नव्यानं घ्यायला बसलोय, तर त्या कशावर ठेवू म्हणजे परत अशी वेळ येणार नाही?

अजिंक्यतारा

ताई, मी मूळचा साताऱ्याचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या काळात वेव्हवर थोडं काम केलं होतं, म्हणून लिहितो.

स्पष्टच सांगतो, सर्व्हरवरचं मिळणार नाही. ३१ जानेवारी २०१२ ला वेव्ह फक्त वाचण्यापुरतं उरलं आणि ३० एप्रिलला पूर्ण बंद झालं. कोड अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेला होता, तोही प्रकल्प २०१८ मध्ये गुंडाळला. पण तिथं फक्त यंत्र होतं, तुमचं लिखाण नव्हतं. इंटरनेट आर्काइव्हमध्येही, म्हणजे जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवरही, शोधू नका. तुमच्या वेव्ह लॉगिनच्या आत होत्या, तिथं बाहेरचं कुणी पोचत नाही.

तरी दोन ठिकाणं बघाच. एक, नऊही जणांच्या जुन्या मेलमध्ये "गूगलवेव्ह" शब्द इंग्रजीत शोधा. २०१० मध्ये वेव्हनं मेलवर सूचना पाठवायची सोय केली होती, कुणी ती चालू केली असेल तर निदान कुठल्या दिवशी कुठली वेव्ह हलली एवढं कळेल. दोन, तुम्ही डीटीपीवाल्या आहात. फोनवर ऐकलेलं थेट वेव्हमध्ये टाइप करत होतात की आधी दुसरीकडे? तेव्हा प्रेसमध्ये बहुतेक श्रीलिपी हे मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअर असायचं. तसं असेल तर त्या फाइल कुठे आहेत?

तुम्ही जे पायऱ्यांचं लिहिलंय ना, ते वाचून बरं वाटलं. गूगल मॅप्सच्या मागे जे रासमुसेन बंधू होते, लार्स आणि येन्स, त्यांनीच सिडनीत बसून वेव्ह बांधलं. ईमेल आज नव्यानं शोधायचं असतं तर कसं केलं असतं, असा त्यांचा प्रश्न होता. दोन माणसं एकाच ओळीत एकाच वेळी टाइप करताहेत आणि तरी कुणाचं अक्षर हरवत नाही, हे त्यात जमवलेलं होतं. २००९ च्या मे महिन्यात ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आम्ही ऑफिसात तो लांबलचक व्हिडिओ एका बैठकीत बघितला होता. पुढे एकत्र लिहिण्याची ती सवय गूगल डॉक्समधून सगळ्यांना लागलीच. पण बोलणं आणि लिखाण एकाच जागी ठेवून मागं जाऊन चालवून बघणं, हे तसं परत कुठं आलं नाही.

हरिपूर रोड

मलाही २००९ च्या शेवटी निमंत्रण आलं होतं. आठवडाभर उघडलं आणि सोडून दिलं. ते का चाललं नाही याचा अनुभव सांगतो, पुढचं साधन निवडताना उपयोग होईल.

आत गेलो तर ओळखीचं कुणी नाही. लग्नाच्या मांडवात तासभर आधी पोचल्यासारखं. मेल कुणालाही जातं, त्याच्याकडे कुठली का सेवा असेना. वेव्ह मात्र वेव्हवाल्यालाच. आणि ज्यांच्याशी रोज बोलायचं ते निमंत्रणाच्या रांगेत. १९ मे २०१० ला सगळ्यांसाठी खुलं केलं आणि बरोबर अकरा आठवड्यांनी थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर पहिल्यांदा आलेले निघून गेले होते.

दुसरं म्हणजे टाइप करताना प्रत्येक अक्षर समोरच्याला दिसायचं. मी तेव्हा मराठी टाइप करायला शिकत होतो. एक शब्द चार वेळा खोडायचो. साहेब ऑनलाइन असताना ते खोडणं सगळ्यांसमोर चाललंय म्हटल्यावर बोटं आखडायची. ऑफिसात जुनं इंटरनेट एक्सप्लोरर होतं, त्यात चालवायला वेगळी जोडणी टाकायला सांगायचे. एवढा खटाटोप रोज कोण करणार?

ताई, तुमचं वाईट वाटतं, पण विचारतो. आता पूररेषेचे नकाशे यंत्रणेकडे असतात, उपग्रहाची चित्रं असतात. गल्लीतल्या पायऱ्या परत मोजून काय मिळणार?

खणभागातली

हरिपूर रोड, अक्षर दिसण्याचं खरं आहे. आमच्यातल्या दोघी त्याच कारणानं लिहायच्या थांबल्या. आणि मी श्रीलिपीतला मजकूर उचलून वेव्हमध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी दिसायची. मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर दिसणाऱ्या अक्षरांत, सगळं परत टाइप करायचं. नऊ जणांत शेवटी नियमानं लिहिणारे चारच उरलो.

पण नकाशाबद्दल मी ठाम आहे. नकाशा सांगतो पाणी कुठवर गेलं. आमच्या दारात ते नदीच्या बाजूनं आलं की मागच्या नाल्यातून, आधी रस्ता गेला की आधी उंबरा, म्हातारी माणसं कुठल्या वाटेनं काढता आली, हे त्यात कुठं असतं? ते त्या गल्लीतल्या माणसाला माहीत असतं, आणि ती माणसं आता जात चाललीत. ज्या काकूंनी "चौथी" सांगितली त्या गेल्या वर्षी वारल्या.

अजिंक्यतारा, तुमच्या प्रश्नानं मात्र मला दुपारभर कामाला लावलं. होय, प्रेसवर ऐकलेलं मी आधी श्रीलिपीतच घ्यायचे! आमच्याकडे जुन्या कामांच्या सीडी करून माळ्यावर ठेवायची पद्धत होती. २०१९ ला पाणी माळ्याच्या वीतभर खाली थांबलं होतं. आज शिडी लावून खोका काढला. २००९ आणि २०१० च्या चौदा सीडी निघाल्या. बहुतेक वाचल्याच जात नाहीत, वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलाय. तीन उघडल्या. एकीत साखरपुड्याच्या पत्रिका आणि एका पतसंस्थेचा अहवाल यांच्यामध्ये "पूर खणभाग" आणि "पूर मारुती चौक" अशा दोन फाइल मिळाल्या. उघडल्या तर चिन्हांची तीच रांगोळी, कारण नव्या मशिनवर तो फॉन्टच नाही. पण फाइल आहे. मी खुर्चीत बसूनच राहिले.

अजिंक्यतारा

ताई, ती रांगोळी म्हणजे तुमचा मजकूरच आहे. तिला हात लावू नका, "सेव्ह" करू नका. आधी फाइलच्या दोन प्रती काढा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक मेलवर. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक चिन्हाला ठरलेली जागा असते, त्यावरून युनिकोडमध्ये बदलता येतं. जोडाक्षरं आणि रफार थोडे चुकतील, ते तुम्ही डोळ्यांनी दुरुस्त करालच. फॉन्टचं नेमकं नाव फाइलमध्ये असतं. मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, या शनिवारी बसतो.

नव्या नोंदींचं म्हणाल तर लिहा कुठंही, ज्यात सगळ्यांचा हात बसतो तिथं. शीट चालेल. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लोक बोलून सांगतील, तेही चालेल. पण दर महिन्याला एका ठरलेल्या माणसानं सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवायचं, जी कुठल्याही मशिनवर उघडते. प्रत तीन घरांत ठेवायची, त्यातलं एक घर पुराच्या पाण्याबाहेरचं, विश्रामबागकडचं वगैरे. आणि तुमचा छापखाना आहे, वर्षातून एकदा छापून काढा. माणूस ठरवणं महत्त्वाचं. तुमचं तिथंच राहून गेलं होतं.

सांगलीवाडी

नमस्कार. नातवानं हे वाचून दाखवलं आणि तोच लिहून घेतोय.

प्रेसमधल्या ताई म्हणजे तुम्हीच का, २०१० ला मला फोन करायच्या? मी एसटीत कंडक्टर होतो, २००८ ला रिटायर झालो. तुमचं ते वेव्ह नातेवाइकांनी मला एकदा कॉम्प्युटरवर दाखवलं होतं, पण आपल्याला काय जमलं नाही. तुम्ही फोन केला की मी डायरी काढून वाचून दाखवायचो. ती डायरी आहे माझ्याकडं.

आता तिची हालत सांगतो. २०१९ ला आम्हाला बोटीनं काढलं, डायरी ट्रंकेतच राहिली. परत आलो तर ट्रंकेत चिखल. शाईनं लिहिलेलं सगळं गेलं, निळं पाणी होऊन पसरलंय. पण आमची वेबिलाची, म्हणजे तिकिटांचा हिशेब लिहायची सवय, खिशात कायम शिसपेन्सिल. पावसात शाईचं खरं नसतं. तर पुराच्या दिवशी उभं राहून जे लिहिलं ते सगळं पेन्सिलीनं आहे आणि ते वाचता येतंय. नातू एक पान वाचतोय तसं लिहितो:

"स. ६.१० तालमीच्या कट्ट्याला टेकलं. ७.४० कट्टा बुडाला. ८.१५ म्हशी सोडल्या. ९.०५ पुलाकडचा रस्ता दिसेना."

पुलावरचे फुटाचे आकडे मात्र मी दुसऱ्या दिवशी पेपरातून बघून लाल शाईनं शेजारी मांडायचो. ते सगळे गेले. त्यामुळं तुम्हाला त्याचा कितपत उपयोग, माहीत नाही. काही पानं एकाला एक चिकटलीत, ती पंधराएक असतील. नातू म्हणतो वाफ देऊन सोडवू.

हरिपूर रोड

काका, ताई, एक सुचतंय. आयर्विनची पातळी पाटबंधारे विभाग पूरकाळात ठरावीक वेळांनी मोजून नोंदवतो. २००५ ची नोंदवही त्यांच्याकडे असायला हवी, माहितीच्या अधिकारात मागता येईल. काकांकडे तारीख आणि वेळ आहे. त्या वेळेला पुलावर किती फूट होतं ते नोंदवहीतून काढायचं आणि काकांच्या ओळीसमोर मांडायचं. लाल शाईतला आकडा परत मिळाला म्हणून समजा. उलट पेपरातल्यापेक्षा बरा मिळेल, कारण पेपरात दिवसातला एखादाच आकडा यायचा.

मी कालच म्हणालो होतो पायऱ्या मोजून काय मिळणार. "९.०५ पुलाकडचा रस्ता दिसेना" वाचल्यावर माझं म्हणणं मागं घेतो. अर्ज मी करतो, मसुदा इथंच टाकतो. चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडल्यापासून ती परत खाली उतरेपर्यंतच्या सगळ्या नोंदी मागू.

खणभागातली

काका, मीच ती. तुमचा आवाज ओळखीचा आहे, तुम्ही फोनवर आधी "वेळ घ्या लिहून" म्हणायचात. आणि आम्ही वेडे, वेव्हमध्ये फूट ठळक करायचो आणि वेळ कंसात टाकायचो. आता नव्या नोंदीत पहिला रकाना वेळेचाच ठेवतेय. २०२१ चं सांगणाऱ्या चौघांकडं आजच परत फोन लावला. फूट कुणालाच आठवत नाहीत, पण "दूधवाला आला नाही तेव्हा", "पहाटेच्या अजाननंतर", "टीव्हीवर बातम्या लागल्या आणि लाइट गेली" असं प्रत्येकाला पक्कं आठवतंय. एवढ्यावर घडी बसवता येते.

हरिपूर रोड, अर्जाचा मसुदा टाका, वाचून देते. अजिंक्यतारा, दोन्ही फाइल पाठवल्यात. पहिल्याच ओळीत "गटार" असावं असं वाटतंय, बघा जुळतं का. भावाला सातही भागांची यादी दिलीय, तो जुने मेल चाळतोय.

आणि काका, वाफ अजिबात देऊ नका. पेन्सिल टिकली असली तरी पानांवरची चिखलाची साय वाफेनं मऊ होऊन समोरच्या पानाला लागेल. ऊनही दाखवू नका. डायरी आहे तशी आडवी ठेवा, वर वजन नको. आमच्याकडं बाइंडिंगला हाडाची पातळ पट्टी असते, तिनं कोपऱ्यातून एकेक पान सोडवता येतं. रविवारी सकाळी दहाला पूल ओलांडून येते. नातवाला घरी थांबायला सांगा, एक पान सुटलं की लगेच त्याचा फोटो घ्यायचा आहे.